शेवटच्या पायरीवरचा प्रेक्षक

खानदेशाला मैदान चांगले परिचयाचे आहे. स्टेडियम ही वस्तू त्या मानाने नवी. धुळ्याचे गरुड मैदान, जळगावचे शिवतीर्थ, अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाचे आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाचे विस्तीर्ण पटांगण, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील खेळाची जागा, ह्या सर्व ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी खेळ पाहिले, सभा ऐकल्या, आणि त्यासाठी आसनाचा क्रमांक कोणी कोणास विचारला नाही. मैदानावर येणारा प्रेक्षक आपली सोय आपणच पाहतो. ऊन सरकले की तो सावलीबरोबर सरकतो, पुढचा मनुष्य उंच निघाला तर दोन पावले बाजूला होतो, आणि गर्दी अंगावर येऊ लागली की वाट फुटेल तिकडून बाहेर पडतो. त्याच मैदानाला एकदा भिंत घातली, पायऱ्या बांधल्या आणि दरवाजावर तिकीट लावले, म्हणजे सावली, दृष्टी आणि वाट ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून निसटतात, आणि त्यांची जबाबदारी ज्याने नकाशा काढला व ज्याने तो मंजूर केला त्या दोघांवर येऊन पडते.

जिल्ह्याजिल्ह्यांत आणि तालुक्यातालुक्यांत क्रीडासंकुलांच्या तजविजी चालू आहेत, महाविद्यालयेही आपापल्या पटांगणांभोवती पायऱ्या बांधण्याचे मनसुबे करीत आहेत. अशा वेळी जुन्या स्टेडियमांचे दोष कोणते होते आणि ते कसे निर्माण झाले ह्याची चौकशी करणे अगत्याचे आहे. ह्या दोषांचा इतिहास वाचू लागले की एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. गवंड्याच्या हातून शिरलेला दोष क्वचितच आढळतो. बहुतेक दोष त्याच्या कितीतरी आधी, कागदावर, कोणाचा विचार झाला आणि कोणाचा राहून गेला ह्यावरून ठरून गेलेले असतात. मराठी वाचकाला ह्याचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत चर्चगेट स्थानकाच्या आसमंतात सापडते, कारण तेथे परस्परांपासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर दोन मोठी स्टेडियमे उभी आहेत, आणि दुसरे का बांधावे लागले ह्याचे उत्तर पहिल्याच्या रचनेत आहे.

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था 1933 साली स्थापन झाली. तिचे कर्तेधर्ते अँथनी डी मेलो ह्यांना हिंदुस्थानच्या क्रिकेटसाठी इंग्लंडातल्या लॉर्ड्‌ससारखे एक कायमचे घर हवे होते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न ह्यांच्याकडे ते जागेची मागणी घेऊन गेले, तेव्हा सरकारच्या तिजोरीत पैसा पडावा की आपले नाव अजरामर व्हावे असा पेच त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे टाकल्याची हकीकत क्रिकेटच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बॅकबेच्या भरावातून निघालेली सुमारे 90,000 चौरस वार जमीन वारामागे साडेतेरा रुपये दराने क्लबला मिळाली. 22 मे 1936 रोजी ब्रेबोर्न ह्यांच्याच हस्ते कोनशिला बसली, आणि 7 डिसेंबर 1937 रोजी त्यांचे उत्तराधिकारी सर रॉजर लम्ले ह्यांनी उद्‌घाटन केले. नकाशे ग्रेगसन, बॅटली आणि किंग ह्या वास्तुविशारदांचे होते व मक्ता शापूरजी पालनजी ह्यांचा. ह्यांपैकी क्लॉड बॅटली हे जे. जे. कलाशाळेत वास्तुशास्त्राचे अध्यापन करणारे, ह्या देशाच्या हवामानाचा आणि बांधणीच्या परंपरेचा आस्थेने अभ्यास केलेले गृहस्थ. क्लबची वास्तू आणि मैदानाचे पॅव्हेलियन ही एकमेकांत इतकी सहज मिसळलेली आहेत की निवासी खोल्यांच्या सज्जांतून मैदान थेट दिसते. कोठेही अवजडपणा नाही, कोठेही दिखाऊपणा नाही. खेळाच्या इमारतींमध्ये इतकी प्रसन्न वास्तू आपल्या देशात मला दुसरी दिसत नाही, आणि तिच्याविषयी पुढे जे म्हणावयाचे आहे ते ह्या आदरासह म्हणावयाचे आहे.

नकाशा क्लबाचा होता. क्लब म्हणजे सभासद. सभासदांना उत्तम जागा, त्यांच्या पाहुण्यांना त्यालगतच्या, आणि उरलेल्या जागा उरलेल्या जगाला, ही वाटणी त्या रचनेत पहिल्या दिवसापासून होती. तिचा परिणाम दिसावयास वर्षही लागले नाही. 1937 मध्येच पंचरंगी सामने नव्या स्टेडियमवर भरावयाचे ठरले, आणि आपल्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या आहेत ह्या कारणाने हिंदूंच्या संघाने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. जातवार संघांच्या त्या स्पर्धेचे गुणदोष हा निराळा विषय आहे; येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की स्टेडियमचे दरवाजे उघडतात न उघडतात तोच पहिला तंटा उभा राहिला तो जागांच्या वाटपावरून.

स्वातंत्र्यानंतर, 1948 पासून, मुंबईचे कसोटी सामने ह्याच मैदानावर होऊ लागले. सामना भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट असोसिएशनची आणि जागेची मालकी क्लबाची, अशी ही दोन घरांत विभागलेली व्यवस्था होती. असोसिएशनच्या पाठीशी शहरभरचे शेकडो छोटे क्लब होते, आणि त्यांच्यासाठी तिला अधिक तिकिटे हवी असत. क्लब आपल्या सभासदांचा हक्क सोडावयास तयार नसे. आसने वाढवावीत म्हटले तर चोहोबाजूंनी रस्ते आणि इमारती येऊन भिडलेल्या. पंचवीस वर्षे ही कुरकुर चालू राहिली, आणि अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे ह्यांनी, क्लबातर्फे विजय मर्चंट ह्यांच्याशी झालेला जाबसाल निष्फळ ठरल्यावर, स्वतःचेच स्टेडियम बांधण्याचा निश्चय केला. 1973 च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर ब्रेबोर्नवर पुन्हा कसोटी सामना झाला तो 2009 मध्ये. छत्तीस वर्षे एक उत्कृष्ट मैदान मोठ्या सामन्यांना पारखे झाले. भिंत खचली नव्हती, पायरी तडकली नव्हती, केवळ आसनांची वाटणी चुकली होती.

वानखेडे स्टेडियम सुमारे तेरा महिन्यांत उभे राहिले. तरुण वास्तुविशारद शशी प्रभू ह्यांनी हे काम इतक्या अवधीत तडीस नेले हा आपल्या बांधकामव्यवसायाला भूषणावह असा पराक्रमच होय, आणि 23 जानेवारी 1975 रोजी तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना सुरूही झाला. परंतु घाईने काही गोष्टी मागे राहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेक प्रेक्षकाच्या वाट्याच्या होत्या. जागा मिळाली ती पश्चिम रेल्वेचे रूळ आणि दाट वस्ती ह्यांच्या मध्ये चिमटलेली. तेथे सुमारे 45,000 लोक बसवावयाचे म्हणजे पायऱ्या एकमेकींना खेटून आणि वाटा अरुंद राहणार हे उघड होते. छत पेलण्यासाठी उभे केलेले खांब कित्येकांच्या नजरेआड खेळ करीत. काँक्रीटची उघडी आसने दुपारभर तापत आणि संध्याकाळपर्यंत ती उष्णता परत करीत राहत. त्या पहिल्याच सामन्यात क्लाइव्ह लॉइड ह्यांचे द्विशतक झाले, त्यांचे अभिनंदन करावयास एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारहाण केली, आणि गर्दी इतकी खवळली की जाळपोळ होऊन खेळ थांबवावा लागला. ह्या दंगलीचे खापर स्थापत्यावर फोडणे न्याय्य होणार नाही. पण दाटीवाटीने बसविलेला समुदाय किती लवकर पेट घेतो हे त्या दिवशी दिसले.

2011 च्या विश्वचषकासाठी ह्या स्टेडियमची जवळजवळ नव्याने बांधणी झाली, तीही शशी प्रभू ह्यांच्याच देखरेखीखाली, आणि ज्याने प्रथम बांधले त्यालाच आपले काम दुरुस्त करावयास मिळावे हा योग विरळा. नवे छत मागच्या बाजूने धरून पुढे अधांतरी काढलेले आहे, त्यामुळे नजरेच्या आड येणारा एकही खांब उरला नाही. त्याचे आवरण पत्र्याऐवजी उष्णता कमी धरणाऱ्या, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या हलक्या कापडाचे आहे, आणि छतावर पंखे बसवून गॅलरीतली तापलेली हवा वर ओढून घेण्याची योजना केली आहे, म्हणजे पश्चिमेकडचा समुद्रवारा आत येऊ शकतो. ह्या सगळ्याचे मोल आसनांत मोजावे लागले: 45,000 चे सुमारे 33,000 झाले. म्हणजे पहिल्या नकाशात जी बारा हजार माणसे अधिक धरली होती, ती इतरांच्या दृष्टीच्या, हवेच्या आणि वाटेच्या हिश्शातून धरली होती, असाच ह्या आकड्यांचा अर्थ होतो.

आता नजरेचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहावयास हवा, कारण तो साधा भूमितीचा आहे, आणि तरीही आपल्याकडील पायऱ्यांच्या बांधकामात सर्वांत अधिक हेळसांड त्याचीच होते. मागे बसलेल्याची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोक्यावरून निघून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत, म्हणजे फुटबॉलमध्ये बाजूच्या रेषेपर्यंत, पोचली पाहिजे. पुढच्या माणसाचा डोळा आणि त्याच्या वरून जाणारी ही रेषा ह्यांत जे उभे अंतर राहते, त्यावर सारे अवलंबून. डोळ्यापासून टाळूपर्यंत माणसाचे डोके सुमारे 12 सेंटिमीटर असते. हे अंतर तेवढे मिळाले तर उत्तम, 9 मिळाले तर ठीक, आणि 6 च्या खाली गेले की माना वाकड्या करण्यावाचून गत्यंतर नाही.

एक उदाहरण घेऊ. प्रत्येक पायरी 30 सेंटिमीटर उंच आणि 80 सेंटिमीटर रुंद आहे. पहिल्या ओळीतल्या माणसाचा डोळा बाजूच्या रेषेपासून 10 मीटर दूर आणि जमिनीपासून 2 मीटर उंच आहे. हिशेब केला तर दुसऱ्या ओळीतल्या माणसाची दृष्टिरेषा पहिल्याच्या डोळ्यावरून जवळपास 13 सेंटिमीटर वरून जाते. त्याला मैदान निर्वेध दिसते. ह्याच उंचीच्या पायऱ्या तशाच वर नेल्या, आणि एकविसाव्या ओळीमागच्या माणसाचा हिशेब केला, तर तेच अंतर जेमतेम 5 सेंटिमीटर उरते. पायरी तीच, माणूस तोच, पण पुढच्याच्या डोक्यावर गांधी टोपी असली तरी मागच्याला रेषेवरचा चेंडू दिसणार नाही, आणि फेटा असला तर मग बोलावयासच नको. ह्यावर उपाय एकच: जसजसे मागे जावे तसतशी पायरी अधिकाधिक उंच करीत न्यावी, म्हणजे सगळा उतार सरळ न राहता अंतर्वक्र होतो. जहाजे बांधणारे स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल ह्यांनी हे तत्त्व 1838 मध्येच मांडले होते. आपल्याकडे मात्र एकाच उंचीच्या पायऱ्यांचा साचा सर्वत्र वापरला जातो, कारण त्याचा अंदाजपत्रकात हिशेब सोपा आणि गवंड्याला फर्मा एकच पुरतो. शेवटच्या पायरीवरचा माणूस ह्या सोयीची किंमत सामन्याच्या प्रत्येक मिनिटाला देत असतो.

हे सारे महाराष्ट्रात कोणाला कळले नव्हते असे मात्र नाही. राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले, त्या प्रवासात रोमचे कलोसियम त्यांनी पाहिले, आणि कोल्हापुरास परतल्यावर खासबागेत कुस्त्यांसाठी तसे मैदान बांधण्याचा त्यांनी ध्यास घेतला. 1912 मध्ये ते पुरे झाले. मध्यभागी हौदा, आणि त्याच्या सभोवार चढत जाणारी वर्तुळाकार बैठक. मधे खांब नाही, आडवी भिंत नाही. हजारो माणसे बसली असताना अगदी मागच्या रांगेतल्या खेडुताला पैलवानांची पकड स्पष्ट दिसावी, हा हेतू त्या रचनेत प्रत्येक ठिकाणी जाणवतो. कुस्तीचा हौदा मध्यभागी एवढासा असतो, सर्वांची नजर तेथेच लागलेली असते, म्हणून तेथे हे साधणे तुलनेने सुलभ हे खरे. तरीपण ज्या राजाला आपल्या राखीव बैठकीपलीकडच्या माणसाच्या डोळ्यांची चिंता वाटली, त्याचे मैदान शंभराहून अधिक वर्षे निर्दोष ठरावे ह्यात योगायोग नाही.

फुटबॉलसारख्या लांबरुंद मैदानाचे गणित अधिक कठीण, आणि त्यात आपण आणखी एक अडचण स्वखुशीने घालून घेतो. एकाच जागेत धावण्याची पट्टी, फुटबॉल आणि जमल्यास क्रिकेटही बसवावयाचे, ही आपल्या संकुलांची सर्वसाधारण प्रथा. चारशे मीटरच्या आठपदरी पट्टीची रुंदी 9.76 मीटर होते. तिच्या आत प्रमाण आकाराचे फुटबॉलचे मैदान आखले तर बाजूचा प्रेक्षक खेळापासून किमान 12 मीटर दूर जातो, आणि गोलखांबांमागचा, दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांमुळे, 36 मीटर. मागल्या रांगांचे अंतर ह्याहून निराळे. खर्च वाचतो, पण गोल झाला की नाही हे त्या प्रेक्षकाला समोरच्या गॅलरीच्या आरड्यावरून समजून घ्यावे लागते. ज्या महाविद्यालयापाशी जागेची चणचण नाही, आणि खानदेशात पुष्कळ महाविद्यालयांपाशी ती नाही, त्याने तरी हा मोह टाळावा असे मला वाटते.

महाविद्यालयाच्या स्टेडियमचा विषय निघाला की अमेरिकेचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण तेथे विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या फुटबॉलसाठी, म्हणजे त्यांच्या त्या अंगावर धावून जाण्याच्या खेळासाठी, रोमनांची आठवण यावी अशी बांधकामे शतकापूर्वीच केली. हार्वर्डचे स्टेडियम 1903 चे. 1879 साली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या देणगीतून ते उभे राहिले, आणि सळईबंद काँक्रीटचा इतका मोठा प्रयोग तोवर फारसा कोणी केलेला नव्हता. त्या काळी ह्या खेळात दरवर्षी मुले प्राणास मुकत. 1905 मध्ये तर हा हाहाकार इतका वाढला की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची समज दिली. मैदान 40 फुटांनी रुंद करावे, म्हणजे खेळाडूंची एकाच जागी होणारी झुंबड विरळ होईल, अशी एक सूचना पुढे आली. पण हार्वर्डचे काँक्रीट तसूभरही मागे सरकणारे नव्हते. सूचना बारगळली, आणि तिच्याऐवजी चेंडू हाताने पुढे फेकण्यास 1906 पासून मुभा मिळाली. आज त्या खेळाचे जे रूप जग पाहते ते ह्या एका मुभेतून घडले. खेळासाठी स्टेडियम बांधावयाचे, आणि मग स्टेडियमच्या रुंदीप्रमाणे खेळाचे नियम लिहावयाचे, अशी ही उलटी गंगा.

येलचे स्टेडियम 1914 चे. मैदान जमिनीच्या पातळीखाली खोदून, निघालेली माती सभोवार बांधासारखी रचून, तिच्यावर पायऱ्या बसविलेल्या आणि आत येण्यास तीस बोगदे, अशी खासबागेशी नाते सांगणारी त्याची घडण. बांधणाऱ्यांनी प्रेक्षकांचा विचार उत्तम केला, पण खेळाडूंना कपडे बदलण्यासाठी खोलीच ठेवली नाही. त्यांना बाहेरच्या इमारतीतून चालत यावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे 1923 सालचे बर्कलीतील स्मारक-स्टेडियम ह्याहूनही विलक्षण आहे. ते हेवर्ड नावाच्या भूकंपप्रवण भेगेवर बांधले गेले, आणि ही भेग मैदानाखालून जवळजवळ एका गोलखांबापासून दुसऱ्यापर्यंत जाते. भूकंप होवो न होवो, तिच्या दोन बाजू वर्षाला काही मिलिमीटर अशा परस्परांपासून सरकतच असतात, आणि त्या ओढीने स्टेडियमच्या भिंतींत हात जाईल एवढ्या फटी पडल्या. 2010 ते 2012 ह्या दोन वर्षांत प्रचंड खर्चाने जी दुरुस्ती झाली तीत भेगेवरचा भाग कापून स्वतंत्र ठोकळ्यांत बांधला, हेतू हा की जमीन हलली तर प्रत्येक ठोकळा आपापल्या जागी हलावा आणि शेजारच्याला ओढून नेऊ नये.

खानदेशाच्या जमिनीखाली बर्कलीसारखी भेग नाही, पण तिच्या अंगावर दरवर्षी चैत्र-वैशाखात भेगा पडतात, आणि बांधकामाच्या दृष्टीने त्या कमी धोक्याच्या नाहीत. तापी, गिरणा, पांझरा ह्यांच्या खोऱ्यांतली ही काळी माती कपाशीची आणि केळीची माय आहे, पायाची मात्र वैरीण. तिच्यातील बारीक चिकणकण पावसाचे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात ते सोडून आकसतात. भर उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो हे कोणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ह्या फुगण्याचा दाब जड इमारत एक वेळ दाबून धरते. हलके बांधकाम तो अक्षरशः उचलतो. आवाराची भिंत, जोते, फरशी आणि मातीच्या भरावावर टाकलेल्या पायऱ्या ही सारी हलकी बांधकामे होत, म्हणजे स्टेडियमचा जो भाग सर्वांत स्वस्तात उरकावा असे वाटते तोच ह्या मातीत सर्वांत आधी फुटतो. दोन-तीन पावसाळे गेले की जोत्यापासून तिरप्या भेगा चढू लागतात, पायऱ्यांचे सांधे उघडतात, त्यांत पाणी शिरते आणि आतली सळई गंजावयास लागते.

मुरूम लागेपर्यंत खोदा, हा जुन्या गवंड्यांचा दंडक ह्यासाठीच होता. मुरूम फार खोल असेल तेथे रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने शोधून काढलेले, तळाशी कांद्यासारखे फुगविलेले खांब उपयोगी पडतात: त्यांचा फुगवटा मोसमाप्रमाणे ओली-कोरडी होणाऱ्या मातीच्या थराखाली, साधारणतः साडेतीन मीटरच्या आसपास, रुतून बसतो, आणि वरची माती कितीही फुगली तरी खांबाला उपसू शकत नाही. पाण्याला पायापासून दूर नेणारा चर हा ह्या पायाचाच भाग समजला पाहिजे. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शतकानुशतके पाणी वाटून घेणाऱ्या, आणि विश्वेश्वरय्यांनी उमेदीच्या काळात जेथे त्याच नदीच्या ओहोळातून पाण्याचा नळ पार करून दाखविला त्या धुळे जिल्ह्याला, पाणी कसे वळवावे हे बाहेरच्या कोणी शिकवावयास नको.

मातीनंतर ऊन. जळगाव-धुळे 21 अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि पारा 45 च्या पलीकडे जाणे भुसावळकराला नवलाचे वाटत नाही. तथापि आपले सामने बहुधा हिवाळ्यात होतात, आणि त्या काळचा सूर्य दुपारनंतर नैर्ऋत्येकडे झुकलेला, खाली उतरलेला असतो. म्हणून मैदानाची लांबी दक्षिणोत्तर असावी, आणि जमल्यास तिचे उत्तर टोक किंचित पश्चिमेकडे वळवावे, म्हणजे गोलरक्षकाच्या डोळ्यांत ऊन येत नाही. मुख्य गॅलरी पश्चिमेस असावी. तेथे बसणाऱ्याच्या पाठीशी सूर्य राहतो आणि लहानसे छतही त्याला सावलीत ठेवते. पूर्वेकडची गॅलरी कितीही सुंदर बांधली तरी दुपारच्या सामन्यात तीत बसणाऱ्याला कपाळावर हात धरूनच खेळ पाहावा लागतो, आणि तिच्यावर मोठे छत घालणे हा बव्हंशी वाया जाणारा खर्च होय, कारण तिरपे ऊन छताखालून येते. छताला नुसता पत्रा घालणे हे तर इकडच्या हवेत प्रेक्षकाला भाजण्यासारखेच. जाड मातीच्या धाब्याखाली भर उन्हाळा गारव्यात काढणाऱ्या प्रांताने हे विसरू नये. दिशा फिरविण्यास कागदावर एक पैसाही पडत नाही, बांधल्यावर मात्र ती कितीही पैसा ओतून फिरत नाही. असे असता कित्येक मैदाने केवळ समोरच्या रस्त्याला काटकोनात यावीत म्हणून पूर्वपश्चिम आखली जातात, हे पाहून मन खिन्न होते.

शेवटी वाटेविषयी. स्टेडियममध्ये मनुष्य येतो सावकाश, दोन तासांत. बाहेर पडतो तो एकदम. कलोसियमच्या ऐंशी दरवाजांचे मर्म हेच होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 1902 मध्ये लाकडी गॅलरी कोसळून 25 माणसे दगावली, म्हणून तेथे मजबूत बांधकाम झाले. आणि त्याच मैदानावर 1971 मध्ये सामना संपल्यावर एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 गेली. पहिल्या खेपेस पायऱ्यांचा विचार राहिला होता, दुसऱ्या खेपेस जिन्याचा. कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर 16 ऑगस्ट 1980 रोजी फुटबॉलच्या सामन्यात 16 तरुण मुले मृत्यू पावली. आणि आपल्या नागपुरात, विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर, 26 नोव्हेंबर 1995 रोजी भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मधल्या सुट्टीत गॅलरीची भिंत ढासळून नऊ प्रेक्षक प्राणास मुकले. तो सामना पुढे चालू राहिला, पुरा झाला, आणि त्यातल्या धावा आजही नोंदवहीत सापडतात. त्या नऊ जणांची नावे किती जणांना सांगता येतील?

आयब्रॉक्सच्या दुसऱ्या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका तयार झाली तिचा हिशेब कोणाही महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून करता येईल इतका सोपा आहे. जिन्यावरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला फार तर 66 माणसे सुरक्षित उतरतात, आणि आठ मिनिटांत सर्वांनी बाहेर पडले पाहिजे. म्हणजे सव्वा मीटरहून थोड्या कमी, 1.2 मीटर रुंदीच्या जिन्यावरून आठ मिनिटांत सुमारे 630 माणसे उतरतील. पाच हजारांच्या गॅलरीला असे आठ जिने, आणि प्रत्येक जिन्यासमोर तेवढ्याच रुंदीचा निराळा दरवाजा लागेल. सर्वांना एकाच प्रवेशद्वारातून सोडल्याने तिकिटे तपासण्याची सोय होते खरी, पण येण्याच्या वाटेचा हिशेब आणि जाण्याच्या वाटेचा हिशेब हे दोन वेगळे आहेत, आणि नकाशाला मंजुरी देणाऱ्याने दुसरा मागितलाच पाहिजे. हे आठही दरवाजे बाहेरच्या अंगाला उघडणारे असावेत, सामना चालू असेपर्यंत त्यांना कुलूप नसावे, आणि प्रत्येकापाशी शेवटचा प्रेक्षक जाईपर्यंत एक जबाबदार मनुष्य नेमलेला असावा.